देवघर असलेल्या घरातले नास्तिक

गणपतीत घरची आरती सुरू झाली, की देव न मानणाऱ्याला दर वर्षी एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो. कुणी हात न जोडता मागे भिंतीशी उभा राहतो. कुणी झांजा हातात घेतो, कारण त्याला तालाची आवड असते आणि आईलाही तेवढ्यानं बरं वाटतं. कुणी स्वयंपाकघरात मोदकपात्र उतरवायचं काम अंगावर घेते. प्रसाद बहुतेक सगळेच खातात. यातल्या प्रत्येकानं आपल्यापुरती एक रेघ ठरवलेली असते : इथपर्यंत येईन, इथून पुढे नाही. ती रेघ ठरवताना वर्षं गेलेली असतात, कधी रुसवेफुगवे, कधी अबोलाही झालेला असतो.

मनातल्या मनात देव न मानणं तसं सोपं. ते घरात, कचेरीत, गावात सगळ्यांना माहीत असणं आणि तरी त्याच माणसांत सुखादुःखात मिसळून राहणं, ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रात हे करून दाखवणाऱ्यांची सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. पण संख्या विचारली, तर गोंधळ उडतो. 2011 च्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंद झाली जेमतेम 33 हजार जणांची. त्यात सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून जास्त, महाराष्ट्रातले होते. धर्म न सांगणारे वेगळे. ते 28 लाखांच्या वर होते. पुढे प्यू रिसर्च सेंटरनं देशभरातल्या सुमारे 30 हजार प्रौढांना समक्ष भेटून पाहणी केली. 2021 मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा देव मानणारे 97 टक्के निघाले. उरलेल्या तीन टक्क्यांतल्या काहींनी उत्तर टाळलं असेल असं धरलं, तरी एवढ्या मोठ्या देशात ही संख्या 33 हजारांच्या कितीतरी पट होते. याच पाहणीत बौद्धांपैकी एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं. देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात राहतात. नागपूरला 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो धम्म स्वीकारला, त्यात सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाला जागाच नाही. म्हणजे देव न मानणारे आपल्या आसपास भरपूर आहेत. तसं सांगणारे मात्र थोडे आहेत.

वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं एका छपराखाली राहू शकतील, ही कल्पना मराठीत पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाई ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. कुणी कुणाचा द्वेष न करता या सगळ्यांनी एकत्र नांदावं, असं फुले सांगतात. फुले स्वतः नास्तिक नव्हते, ते निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. त्यांच्या त्या घरात देवच न मानणारं पाचवं माणूस नाही. पण ज्या घरात धर्म प्रत्येकानं आपापल्या वाचनानं आणि विचारानं निवडायचा, त्या घरात त्यालाही जागा करून देता येते.

असं पाचवं माणूस त्याच काळात पुण्यात खरोखरच राहत होतं. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडून 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर पोसलेली त्यांची बुद्धी अज्ञेयवादाकडे झुकलेली होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. किंमत लगेच मोजावी लागली. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. बाहेर एवढं वादळ असताना घरात मात्र पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि त्यांच्या पूजाअर्चेच्या, व्रतवैकल्यांच्या आड आगरकर आले नाहीत. व्यक्तिस्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्यानं ते आधी बायकोला द्यायला हवं, एवढं साधं सूत्र त्यामागे होतं. 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी उशाशी वीस रुपयांची पुरचुंडी ठेवली होती, असं सांगतात.

गांधीजींच्या सेवाग्रामात हा प्रश्न आणखी मोठ्या पटावर आला. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जानवं टाकलं म्हणून त्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. नास्तिकपणामुळे 1933 मध्ये काकीनाडाच्या कॉलेजातली नोकरी गेली. 1940 साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावात नास्तिक केंद्र काढलं, तेच पुढे विजयवाड्याला हललं. अस्पृश्यता निवारणाचं काम करता करता 1944 च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात पोहोचले. आश्रमाचा दिवस प्रार्थनेनं सुरू होई आणि प्रार्थनेनंच संपे. त्या आश्रमात हा उघड नास्तिक पाहुणा म्हणून राहिला, गांधीजींशी त्याचे तासन् तास वाद झाले आणि दोघांपैकी कुणीही आपलं मत सोडलं नाही.

या वादातून पुढे जे घडलं, ते फार मोलाचं आहे. गोरांची मुलगी मनोरमा आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले अर्जुनराव यांचं लग्न सेवाग्रामात लावायचं गांधीजींनी कबूल केलं. त्याआधी दोन वर्षं थांबावं, असं त्यांनी सुचवलं. लग्नाचा विधी ईश्वराच्या नावानं कसा करायचा, हा प्रश्न होताच. वधूपित्याला देव मान्य नाही, म्हणून ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. ‘सत्य हाच ईश्वर’ असं मानणाऱ्या गांधीजींना यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही, आणि सत्याच्या नावाला गोरांचीही हरकत नव्हती. लग्नाआधीच गांधीजींची हत्या झाली. दिलेला शब्द मात्र आश्रमानं पाळला आणि मार्च 1948 मध्ये सेवाग्रामातच हे लग्न लागलं. गोरांचा मुलगा लवणम पुढे भूदान पदयात्रेत विनोबांची भाषणं तेलुगूत सांगत असे. विनोबांच्या बोलण्यात पावलोपावली ईश्वर यायचा. नास्तिक दुभाषी ते शब्द लोकांपर्यंत पोहोचवायचा.

मुसलमान समाजात जन्मलेल्या नास्तिकासाठी ही वाट अधिक काटेरी होती. चिपळूणजवळच्या मिरजोळीत 1932 साली जन्मलेले हमीद दलवाई देव मानत नसत. त्यांनी आधी मेहरुन्निसा यांच्याशी निकाह केला आणि पुढे नोंदणी पद्धतीनंही लग्न केलं. पहिलं नातेवाइकांसाठी, दुसरं स्वतःच्या तत्त्वासाठी. 1966 मध्ये तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा नेला. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. सभा उधळल्या गेल्या, समाजातून तुटल्यासारखं झालं, पण आपण मुस्लिम समाजातलेच आहोत हा दावा त्यांनी सोडला नाही. 1977 साली ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धार्मिक विधीशिवाय मुंबईच्या विद्युतदाहिनीत त्यांना निरोप दिला गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं, ते दलवाईंच्या आठवणीसाठी.

दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांची जोडी महाराष्ट्रानं बरीच वर्षं एका व्यासपीठावर पाहिली. दोघेही नास्तिक, तरी दोघांची भूमिका वेगळी. ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांवर जीव टाकणारे प्रेक्षक लागूंच्या सभेला गर्दी करायचे. तिथे लागू त्यांना शांतपणे सांगायचे, की देव ही कल्पना आता कालबाह्य झाली आहे, परमेश्वराला निवृत्त करा. त्यानंतर दाभोलकर उठून सांगायचे, की आपल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं हे म्हणणं नाही. देव मानण्याचा आणि उपासनेचा हक्क घटनेनं दिला आहे. समितीचा विरोध देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. श्रोते दोघांनाही प्रश्न विचारत. ‘विवेक जागराचे वाद-संवाद’ या नावानं हे कार्यक्रम गावोगाव झाले. आपल्याच बाजूच्या माणसाशी चारचौघांत मतभेद दाखवून पुन्हा एकाच गाडीतून पुढच्या गावाला जायचं, हे श्रद्धाळू श्रोत्यांना कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त पटत असावं.

दाभोलकरांची ही भूमिका सगळ्यात चांगली दिसते ती अनंत चतुर्दशीला, नदीच्या घाटावर. कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांत समितीचे कार्यकर्ते विसर्जित मूर्ती दान घेण्यासाठी दिवसभर उभे असतात. कुटुंब घाटावर येतं, शेवटची आरती होते, मूर्ती पाण्यात एकदा-दोनदा बुडवून वर काढली जाते आणि कार्यकर्त्याच्या हाती दिली जाते. देणाऱ्याचे डोळे अनेकदा भरलेले असतात. घेणारा दोन्ही हातांनी मूर्ती घेतो, ती आदळणार नाही अशी जपून ठेवतो आणि निर्माल्य वेगळ्या कलशात टाकतो. त्याचं खत होतं. यातल्या कित्येक कार्यकर्त्यांच्या घरी गणपती बसत नाही. तरीही दुसऱ्याच्या भावनेची वस्तू हाताळताना ते कसूर करत नाहीत, म्हणून तर दर वर्षी लोक पुन्हा त्यांच्याचकडे मूर्ती देतात.

शनिशिंगणापूरला मात्र त्यांना रोखठोक सवाल विचारला गेला. 2000 साली तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळावा म्हणून दाभोलकर, लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन केलं. तुम्ही देवच मानत नाही, तर देवळात कुणी जावं हे सांगणारे तुम्ही कोण? सवाल चुकीचा नव्हता. त्यांचं उत्तर असं, की दर्शनाला जायचंय ते श्रद्धाळू बाईला, हक्क तिचा आहे, आणि नागरिकाच्या समान हक्कासाठी उभं राहायला त्याच्याइतकी श्रद्धा असावी लागत नाही. बायका चौथऱ्यावर चढल्या त्या एप्रिल 2016 मध्ये. ते पाहायला दाभोलकर नव्हते. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर त्यांचा गोळ्या झाडून खून झाला होता. पुढच्या चारेक वर्षांत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, धारवाडमध्ये प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि बंगळुरूत गौरी लंकेश यांनाही असंच मारण्यात आलं. दाभोलकरांच्या खुनाबद्दल 2024 च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. ज्या कायद्यासाठी दाभोलकर अठरा वर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर वटहुकूम म्हणून आला आणि 2013 च्याच डिसेंबरात संमत झाला. वारी बंद पडेल, सत्यनारायण घालता येणार नाही, अशी भीती त्याबद्दल पसरवली गेली होती. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

राज्यघटना मात्र आधीपासूनच श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांची सोय पाहते. 17 ऑक्टोबर 1949 रोजी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. तिची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी मांडली. मतदान झालं. बाजूनं 41, विरोधात 68. विरोधात मत देणारे काही सगळे नास्तिक नव्हते, त्यातल्या कित्येकांना श्रद्धेची सक्ती नको होती. मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या शपथेतही तेव्हापासून दोन पर्याय आहेत. ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. न्यायालयातल्या साक्षीदारालाही तीच मुभा आहे. इंग्लंडमध्ये यासाठी नास्तिक असलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांना 1880 मध्ये निवडून येऊनही पार्लमेंटात बसायला सहा वर्षं झगडावं लागलं होतं. हेच ब्रॅडलॉ 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला पाहुणे म्हणून आले होते.

कागदावरची सोय रोजच्या व्यवहारात उतरायला मात्र वेळ लागतो. नाशिकमधल्या एका शाळेतले शिक्षक सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेनं ती बेशिस्त ठरवली आणि त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की शिक्षकावर प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2014 मध्ये, याच न्यायालयानं आणखी मोठा निकाल दिला. कुणालाही कुठल्याही अर्जावर धर्म जाहीर करायला सरकार भाग पाडू शकत नाही, आणि ‘माझा कुठलाही धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमातच आहे. गंमत म्हणजे हा दावा नास्तिकांनी लावला नव्हता. येशूवर श्रद्धा असलेल्या, पण कुठलाही धर्म न मानणाऱ्या माणसांनी लावला होता. त्यांनी मिळवलेल्या निकालाचा आधार आज नास्तिकांनाही आहे.

लग्नाचंही तसंच. 1872 च्या कायद्यानं नोंदणी लग्न करायचं, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं ही अट काढली. आता तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढं पुरतं. धर्माचा त्याग जाहीर न करता धर्मविधीशिवाय लग्न होतं. वारसाहक्काचं कोडं मात्र सुटलेलं नाही. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक हिंदू कायद्याखालीच येतो. मुस्लिम घरात जन्मलेल्या, पण इस्लाम न मानणाऱ्या केरळच्या एका महिलेनं आपल्याला शरियत लागू होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2024 मध्ये न्यायालयानं तो प्रश्न विचारात घेतला.

नास्तिकपणाचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही, हेही सांगायला हवं. सवर्ण घरातला नोकरदार पुरुष ‘मी काही मानत नाही’ म्हणाला, की ‘आहे त्याचा स्वभाव’ म्हणून सोडून दिलं जातं. तेच सुनेनं म्हटलं, तर गौरी कोण बसवणार, वटपौर्णिमेला वडाला कोण जाणार, हळदीकुंकवाच्या बायकांना काय सांगायचं, असे प्रश्न उभे राहतात, कारण घरातला धर्म बहुतेक बायकांच्याच हातांनी चालतो. दलित तरुणापुढचा पेच आणखी वेगळा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला आहे. आधी फक्त हिंदूंना असलेला हा दर्जा 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. म्हणून अर्जावर धर्माचा रकाना कोरा सोडताना त्याला शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा विचार करावा लागतो. देव गेला म्हणून जात जात नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते.

या सगळ्यात अवघड वेळ येते ती घरात मृत्यू होतो तेव्हा. वडील श्रद्धाळू होते, मुलगा नास्तिक आहे. दहाव्याला पिंड कुणी ठेवायचा? काही जण वडिलांची इच्छा म्हणून घाटावर सगळे विधी करतात. काही जण भावाला पुढे करतात. पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यावर झाड लावायची रीत बरीच रुळली आहे. ती नास्तिकाला चालते आणि वारकरी आजीलाही.

उलट, नास्तिकाचा स्वतःचा मृत्यू पूर्णपणे श्रद्धाळूंच्या हातात असतो. देहदानाचा अर्ज जिवंतपणी भरला, वैद्यकीय महाविद्यालयाचं कार्ड खिशात ठेवलं, तरी तो अर्ज म्हणजे केवळ इच्छा. शेवटी महाविद्यालयाला फोन करायचा, डॉक्टरचा दाखला मिळवायचा आणि काही तासांत देह पोहोचवायचा, हे सगळं घरच्यांनीच करायचं असतं. जवळच्या एका नातेवाइकानं जरी हरकत घेतली, तरी देह स्वीकारला जात नाही. म्हणून देहदान चळवळीतले कार्यकर्ते अर्ज भरणाऱ्याला आग्रहानं सांगतात, की अर्जाआधी बायकोशी, मुलांशी, भावाशी बोला. रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या कित्येक बायकांनी अंत्यविधीची आपली ओढ बाजूला ठेवून नवऱ्याची ही शेवटची इच्छा पुरी केली आहे. सहजीवनाची इतकी कठीण परीक्षा क्वचितच कुणाला द्यावी लागत असेल.

आता 2027 ची जनगणना येते आहे. गेल्या जनगणनेच्या तक्त्यात सहा मोठ्या धर्मांसाठी सांकेतिक अंक होते आणि बाकी कुणी जे सांगेल ते प्रगणकानं लिहून घ्यायचं होतं. पण प्रगणक घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारत नाही. दारात जो भेटेल तो सगळ्या कुटुंबाची माहिती देतो, आणि आई किंवा आजोबा सवयीनं सगळ्यांचा एकच धर्म सांगून मोकळे होतात. 33 हजार हा आकडा इतका लहान येण्याचं हे एक मोठं कारण असणार. ज्यांना या वेळी आपली नोंद आपल्या म्हणण्याप्रमाणे व्हावी असं वाटतं, त्यांनी प्रगणक यायच्या आधीच घरात तसं सांगून ठेवायला हवं, आणि आपण घरात नसलो तर आईनंच ते बिनदिक्कत सांगावं, इतपत तिच्याशी बोलून ठेवायला हवं.